सत्य आणि माया : मनोविश्लेषणाविषयीचे काही गैरसमज

पन्हाळा तालुक्यातील, वारणा खोऱ्यातील कोडोलीसारख्या मोठ्या गावात बोलण्याच्या दोन रीती आहेत आणि दोन्ही आपापल्या जागी प्रतिष्ठा पावलेल्या आहेत. उसाच्या वजनाचा, भावकीतल्या बांधाचा किंवा सोसायटीच्या कर्जाचा मामला असेल, तर मनातले तोंडावर बोलणारा माणूस येथे सरळ मानला जातो. परंतु घरात दुखणे, अपयश अथवा अब्रूचा प्रश्न उभा राहिला, की तोच सरळ माणूस वडिलांना आजाराचे नाव कळू नये म्हणून डॉक्टरांना खुणावतो, आईला धक्का बसू नये म्हणून अर्धेच सांगतो, आणि हे सारे तो अत्यंत मायेने करतो. सत्य सांगावयाचे तर कठोर व्हावे लागते, आणि माया करावयाची तर थोडे लपवावे लागते, अशी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे.

मनोविश्लेषण ही उपचारपद्धती या समजुतीलाच हात घालते. व्हिएन्नाच्या सिग्मंड फ्रॉइड (१८५६–१९३९) यांनी जोसेफ ब्रॉयर यांच्यासह १८९५ साली ‘स्टडीज ऑन हिस्टेरिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेथपासून आजवर या पद्धतीची अनेक रूपांतरे झाली. मूळ रीत मात्र कायम आहे : ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी रुग्णाने येऊन मनात येईल ते निवड न करता बोलावे, आणि उपचारकाने त्या बोलण्यातील न बोललेला भाग ऐकावा. तो ऐकू आल्यावर काय करावे, या एका प्रश्नावर या शास्त्रात शतकभर विचार झाला आहे. तो ठाऊक नसल्यामुळे जे गैरसमज रूढ झाले आहेत, त्यांचा येथे क्रमाने परामर्श घेतो.

गैरसमज पहिला : मनोविश्लेषक माणसाच्या मनातले कटु सत्य त्याच्या तोंडावर फेकतो.

वस्तुस्थिती : या प्रकाराचा निषेध खुद्द फ्रॉइडनेच १९१० साली केला आहे. मध्यम वयाची एक घटस्फोटित स्त्री चिंतेने ग्रस्त होऊन एका तरुण डॉक्टरकडे गेली असता, ‘तुमच्या दुखण्याचे मूळ अतृप्त कामवासनेत आहे’ असे सांगून त्याने तिला उपायांची यादीच ऐकवली आणि तिची व्यथा दुणावली. या प्रसंगावरून लिहिलेल्या लेखात फ्रॉइड अशा वर्तनाला ‘रानटी’ मनोविश्लेषण म्हणतो. रुग्णास जे ठाऊक नाही ते केवळ सांगून टाकल्याने तो बरा होत असता, तर पुस्तके वाचूनही तो बरा झाला असता. पण अशा माहितीचा उपयोग दुष्काळात उपाशी माणसांना खाद्यपदार्थांची यादी वाटण्याइतकाच आहे, असे तो बजावतो. सांगण्यापूर्वी दोन अटी पुऱ्या व्हाव्या लागतात : दडपलेल्या गोष्टीच्या अगदी जवळ रुग्ण स्वतःच्या पावलांनी आलेला असावा, आणि ती गोष्ट ऐकून पळून जावेसे वाटू नये इतका त्याचा उपचारकाशी विश्वासाचा संबंध जडलेला असावा. बुडापेस्टचे मनोविश्लेषक शांडोर फेरेंत्सी यांनी १९२८ साली याच मुद्द्याचा विस्तार करून असे प्रतिपादन केले, की काय सांगावे याइतकेच केव्हा आणि कशा रीतीने सांगावे, हे समोरच्याच्या मनात शिरून ओळखणे हा उपचारकौशल्याचा गाभा आहे.

गैरसमज दुसरा : मग चांगल्या उपचारकाचे काम धीर देण्याचे आणि समजूत घालण्याचे असते.

वस्तुस्थिती : धीर देणारी माणसे कोडोलीत घरोघर आहेत, आणि त्यांचे मोल कमी नाही. परंतु खोटा धीर माणसाला त्याच्या दुःखात एकटा टाकतो. समजा, वारणाकाठच्या एखाद्या शेतकरी घरातील चाळिशीचा गृहस्थ झोप लागत नाही आणि विनाकारण मुलावर हात उगारला जातो, अशी तक्रार घेऊन येतो, आणि मागील वर्षी वारलेल्या वडिलांचा विषय निघताच म्हणतो, ‘आबांचं मी सगळं केलं बघा. काहीसुद्धा कमी पडू दिलं नाही.’ येथे ‘तुमच्या मनात वडिलांविषयी राग आहे’ असे ठणकावणे ही क्रूरता झाली. आणि ‘खरंच, तुमच्यासारखा मुलगा मिळणं कठीण’ असे म्हणणे ही फसवणूक झाली, कारण आपण इतके चांगले नाही हे ज्याला रात्री जागून जाणवते आहे, त्याला त्या स्तुतीने एवढेच कळते, की आपले खरे बोलणे ऐकण्याची या माणसाचीही तयारी नाही. तिसरा उपचारक कदाचित इतकेच म्हणेल, ‘सगळं केलं, असं तुम्ही आज दुसऱ्यांदा म्हणालात, आणि दोन्ही वेळा तुमचा आवाज जड झाला.’ मग तो थांबेल. त्या थांबण्यात आरोप नाही आणि सारवासारवही नाही. पुढचे वाक्य बोलण्याचा मान रुग्णाचा आहे, एवढी कबुली आहे. आबांनी आयुष्यभर थोरल्याचीच बाजू घेतली हे वाक्य आज येईल, सहा महिन्यांनी येईल, किंवा त्याऐवजी अगदी निराळे काही येईल. पण जे येईल ते त्याचे स्वतःचे असेल. मनोविश्लेषणाचा उपचार सत्यनिष्ठेवर उभा आहे, म्हणून रुग्णाच्या भल्यासाठीसुद्धा त्याला खोटे भासवू नये, असे फ्रॉइडने १९१५ साली लिहिले ते याच कारणाने.

गैरसमज तिसरा : उपचारक तटस्थ असतो, म्हणजे दगडासारखा थंड असतो.

वस्तुस्थिती : या समजुतीस आधार आहे, हे मान्य केले पाहिजे. १९१२ साली फ्रॉइडने आपल्या सहकाऱ्यांना शस्त्रवैद्याचा आदर्श ठेवण्यास सांगितले, आणि पुढे अनेकांनी त्या उपदेशाचे मौनव्रत केले. मिरजेस डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली उभारलेल्या रुग्णालयामुळे ज्या मुलुखाला शस्त्रक्रियेची ओळख पिढ्यान्‌पिढ्यांची आहे, तेथे वेगळे सांगावयास नको, की शस्त्रवैद्याचा हात थरथरत नाही तो त्याला माया नसते म्हणून नव्हे. शिवाय फ्रॉइडचे आचरण त्याच्या उपदेशाहून पुष्कळ ऊबदार होते. १९०७ साली उपचारास आलेल्या, वाङ्मयात ‘रॅट मॅन’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या तरुणाला भूक लागली असता त्याने जेवू घातल्याची नोंद त्याच्याच टिपणांत आहे. आणि रशियन क्रांतीत सर्वस्व गमावलेल्या ‘वुल्फ मॅन’ या आपल्या रुग्णासाठी तो कित्येक वर्षे वर्गणी गोळा करीत असे. तटस्थतेचा अर्थ इतकाच, की रुग्णाच्या मनात सासू आणि सून, बाप आणि मुलगा, इच्छा आणि लाज यांचा जो खटला चालू असतो, त्यात उपचारकाने कोणाचीही वकिली करू नये व फैसलाही देऊ नये. इंग्रज बालरोगतज्ज्ञ व मनोविश्लेषक डॉनल्ड विनिकॉट (१८९६–१९७१) यांनी तर सांभाळून धरणे हेच उपचाराचे पहिले कार्य मानले.

गैरसमज चौथा : सत्य उपचारकापाशी तयार असते, रुग्णाने ते केवळ मान्य करावयाचे असते.

वस्तुस्थिती : या गैरसमजाची किंमत काय पडते, याचा दाखला ‘डोरा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मुलीच्या हकिकतीत आहे. कुटुंबाच्या एका विवाहित स्नेह्याने अतिप्रसंग केल्याची तिची कैफियत वडिलांनी कल्पनेचा खेळ म्हणून फेटाळली होती. फ्रॉइडने तिच्यावर विश्वास ठेवला, आणि ही त्याची मोठीच गोष्ट. परंतु त्या गृहस्थावर तुझे मनोमन प्रेम आहे, हा स्वतःचा सिद्धांत त्याने तिच्यापुढे इतक्या आग्रहाने मांडला, की अकरा आठवड्यांतच, १९०० सालच्या ३१ डिसेंबरला, तिने उपचार सोडले. रुग्ण आपल्या जीवनातील जुनी नाती उपचारकावर आरोपित करतो, हे आपण वेळीच ओळखले नाही, अशी कबुली त्याने १९०५ साली प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतात दिली. फेरेंत्सी आणखी पुढे गेले. १९३२ साली वीसबाडेनच्या परिषदेत त्यांनी सांगितले, की उपचारक वरून सौजन्य दाखवीत आतून कंटाळलेला वा चिडलेला असेल, तर रुग्णाला ते कळतेच. आणि लहानपणी ज्याला मोठ्यांनी दुखावून वर काही घडलेच नाही असे भासवले, त्याच्यावर तोच प्रसंग पुन्हा गुदरतो. याउलट उपचारकाने आपली चूक सरळ कबूल केली, तर विश्वास निर्माण होतो. फ्रॉइडला हे विवेचन रुचले नाही. उत्तरकाळाने मात्र त्याचे महत्त्व ओळखले. विनिकॉट उतारवयात असे म्हणत, की आपण रुग्णाला अर्थ सांगतो तो मुख्यतः आपल्या समजुतीची मर्यादा त्याला कळावी म्हणून.

गैरसमज पाचवा : हे विलायती श्रीमंतांचे शास्त्र, आपल्या मातीत त्याचे काम नाही.

वस्तुस्थिती : भारतीय मनोविश्लेषण संस्था १९२२ साली कलकत्त्यास स्थापन झाली, आणि तिचे संस्थापक डॉ. गिरींद्रशेखर बोस (१८८७–१९५३) यांचा फ्रॉइडशी वर्षानुवर्षे पत्रव्यवहार होता. आपल्या भारतीय रुग्णांच्या मनात युरोपीय रुग्णांइतक्या ठळकपणे काही लक्षणे दिसत नाहीत, हा मतभेद बोस यांनी १९२९ साली फ्रॉइडला स्पष्ट लिहून कळवला. आणि १९३१ साली त्याच्या पंचाहत्तराव्या वाढदिवसानिमित्त संस्थेने विष्णूची हस्तिदंती मूर्ती भेट पाठवली, ती त्याने आपल्या मेजावर ठेवली. खरे बोलणे आणि आदर राखणे यांचा मेळ कसा असतो, याचे याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल. मुंबईतही, इटलीतील ज्यूविरोधी कायद्यांमुळे भारतात आलेले मनोविश्लेषक एमिलिओ सेर्वादिओ यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हे शास्त्र रुजवण्यास हातभार लावला. राहता राहिला पैशाचा प्रश्न. गरिबाला शस्त्रक्रियेइतकाच मनाच्या उपचाराचाही हक्क आहे, असे फ्रॉइडने १९१८ साली बुडापेस्ट येथे जाहीरपणे सांगितले, आणि त्यानंतर १९२० साली बर्लिनमध्ये व १९२२ साली व्हिएन्नात विनामूल्य वा अल्पदरात उपचार करणारे दवाखाने निघाले. असे दवाखाने आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांत नाहीत, ही उणीव शास्त्राची नसून व्यवस्थेची आहे, आणि ती दूर व्हावी अशी मागणी करण्याचा आपल्याला अधिकार आहे.

गैरसमज सहावा : एकदा तेथे गेले, की गावभर होणार; आणि बोलण्यानेच सारे आजार बरे होणार.

वस्तुस्थिती : यांतील पहिली भीती खरी आहे, म्हणून तिचे निवारण कायद्याने केले आहे. २९ मे २०१८ पासून अमलात आलेल्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ अन्वये रुग्णाच्या आजाराची व उपचाराची माहिती गुप्त राखणे बंधनकारक आहे. जिवाला धोका असण्यासारखे काही अपवाद त्यात आहेत, आणि ते पहिल्याच भेटीत विचारून घेणे रास्त. दुसरी अपेक्षा मात्र अवास्तव आहे. भास होणे, अतिरेकी संशय, तीव्र उन्माद, किंवा जीव देण्याचे विचार अशा स्थितीत प्रथम मनोविकारतज्ज्ञ गाठला पाहिजे, आणि औषधे लागली तर ती घेतली पाहिजेत. कोडोलीकरांस कोल्हापूरचे सी.पी.आर., म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, दूर नाही; आणि १४४१६ या शासकीय टेलिमानस क्रमांकावर घरबसल्या विनामूल्य मराठीत बोलता येते. जोतिबाच्या डोंगरावर जाऊन गाऱ्हाणे घालणाऱ्याने यासाठी आपली श्रद्धा सोडण्याचे कारण नाही. श्रद्धेच्या नावाखाली उपचार लांबवू नयेत, एवढेच मागणे आहे.

आता प्रश्न उरतो तो पारखण्याचा. ज्याच्याकडे जावे तो सत्य आणि माया यांचा मेळ राखतो आहे, हे सामान्य माणसाने कशावरून ओळखावे? त्याचे शिक्षण व अनुभव विचारावा, आणि विचारल्याबद्दल त्याला राग येत नाही ना, हे पाहावे. त्याने सांगितलेला अर्थ आपल्याला पटला नाही, तर ‘हे मला पटत नाही’ असे म्हणता येते काय, आणि म्हटल्यावर तो वाद घालतो, गप्प करतो, की अधिक लक्षपूर्वक ऐकतो, हे पाहावे. तो नेहमीच गोड बोलत असेल तर सावध व्हावे, आणि नेहमीच दुखवीत असेल तरीही सावध व्हावे. जेथे आपली लाजिरवाणी गोष्ट सांगूनही आपण लहान झालो नाही असे वाटते, आणि तरीही ती गोष्ट झाकली गेलेली नसते, तेथे उपचार योग्य मार्गाने चालला आहे असे खुशाल समजावे. सत्याची तीव्रता कमी करून त्यात माया मिसळावयाची नसते. ज्या मायेत लपवाछपवीची गरज उरत नाही, तीच माणसाला आपले सत्य स्वतःच्या तोंडाने उच्चारण्याचे बळ देते.