पूर ओसरल्यावरची साठ वर्षे

पूर ओसरला की घरात दोन कामे एकदमच अंगावर येतात आणि ती एकमेकांच्या आड येतात. चिखल ओला आहे तोवरच फावड्याने निघतो. वाळला की भिंतीला आणि फरशीला धरून बसतो. म्हणून घाई करावी लागते. पण विमा असेल तर सर्वेक्षक येऊन पाहीपर्यंत काही हलवू नका, असेही कोणीतरी सांगून जाते. मराठी मुलखातल्या मोठ्या पुरांचा मागोवा घेताना हाच पेच पुन्हा पुन्हा समोर येतो. तो सुटला तर माणूस लवकर उभा राहतो. नाही सुटला तर पुराचे नुकसान वर्षभर वाढत राहते.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले, पाठोपाठ खडकवासला गेले आणि पुण्यातल्या नदीकाठच्या पेठा बुडाल्या. त्या काळी विमा म्हणजे आयुर्विमा. घराचा आणि घरातल्या सामानाचा विमा सामान्य कुटुंबांत क्वचितच असे. उभे राहायचे ते सरकारी मदतीवर, देणग्यांवर आणि नातेवाइकांच्या आधारावर. गोखलेनगर, लोकमान्यनगर या वसाहती त्या पुनर्वसनाच्या आठवणी आहेत. पुढे १९७२ च्या कायद्याने सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले आणि शंभरावर कंपन्या चार कंपन्यांत सामावल्या. विमा गावोगावी पोहोचला, पण मुख्यतः कर्जाच्या मागोमाग. बँकेने कर्ज दिले तर दुकानातल्या मालाचा विमा. स्वतःहून घराचा विमा उतरवणारे थोडेच.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मुंबईत हजारो गाड्या बुडाल्या आणि शहराला एक महागडा धडा मिळाला. पाण्यात बंद पडलेली गाडी चालू करायला जावे तर इंजिनात पाणी ओढले जाते, आणि हे नुकसान पुराचे नसून नंतरच्या कृतीचे आहे, असे म्हणून साधी पॉलिसी ते नाकारू शकते. इंजिनाचे वेगळे संरक्षण घ्यावे लागते, हे कित्येकांना त्यानंतर कळले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेचे पाणी सांगली-कोल्हापुरात कितीतरी दिवस हटले नाही. मातीच्या भिंती आतून भिजून पाणी उतरल्यावर कोसळल्या. मुंबईचा पूर एका रात्रीचा, सांगलीचा मुक्कामाचा; नुकसानाची जातच वेगळी.

चिपळूणचा पूर या सगळ्यांचा कळस ठरला. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. वाशिष्ठी आणि शिव नद्यांनी बाजारपेठ गिळली. तळमजले पूर्ण बुडाले. पाणी उतरले तेव्हा रस्त्यारस्त्यावर भिजलेला माल, गाद्या, फ्रिज आणि वह्यापुस्तकांचे ढीग उभे राहिले. ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांची सफाई पथके कोकणात उतरली, राज्यभरातून स्वयंसेवक फावडी-घमेली घेऊन आले. जंतुनाशक फवारणी, विहिरींत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर, लेप्टोस्पायरोसिसच्या भीतीने औषधवाटप, हे सारे चिखल काढण्याबरोबरच करावे लागले. वायरिंग पूर्ण सुकून तपासल्याशिवाय मेन स्विच टाकू नका, हे दारोदार सांगणारे वायरमन त्या आठवड्यात डॉक्टरांइतकेच मोलाचे होते.

खरा गोंधळ पंचनाम्यांचा होता. तलाठी-ग्रामसेवक करत होते तो सरकारी मदतीसाठीचा. विमा सर्वेक्षक करत होता तो दाव्यासाठीचा. एक झाला म्हणजे दुसराही झाला, असे समजून अनेक जण निर्धास्त राहिले. तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी विमा कंपन्यांनी महसूल खात्याचे पंचनामे ग्राह्य धरावेत आणि दाव्याची निम्मी रक्कम तातडीने द्यावी, असा आग्रह धरला. विमा नियामक प्राधिकरणानेही दावे झटपट निकाली काढण्याच्या सूचना दिल्या. राज्य सरकारने ११,५०० कोटींचे पॅकेज जाहीर केले. त्यात पूरग्रस्त कुटुंबाला १०,००० आणि दुकानदाराला ५०,००० रुपयांपर्यंत साहाय्य होते. लाखोंचा माल गेलेल्या माणसाला ही रक्कम धीर देते, भांडवल देत नाही. भांडवल यायचे ते विम्यातूनच.

आणि तिथेच कागद आडवे आले. पॉलिसीची प्रत बँकेत. त्यावरचा पत्ता जुन्या गोदामाचा. खरेदीची बिले चिखलात. सर्वांत बोचणारी अट अपुऱ्या विम्याची. वीस लाखांचा माल असताना विमा दहा लाखांचा असेल, तर आठ लाखांच्या नुकसानीपोटी चारच लाख हाती पडतात. हप्ता वाचवला असे वाटत होते, ती बचत पुराने दामदुपटीने वसूल केली.

त्याच २०२१ साली १ एप्रिलपासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी सुरू झाली होती. घराचा विमा उतरवला की यादी न देताही सामानाला घराच्या विमारकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, कमाल १० लाखांचे संरक्षण. अपुऱ्या विम्याची कात्री नाही. आणि पडझडीचा राडारोडा काढण्याचा खर्च दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत. सफाईचाही खर्च असतो, हे पॉलिसीने मान्य केले, ही मला या साठ वर्षांतली मोठी सुधारणा वाटते. छोट्या दुकानदारांसाठीच्या ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’मध्येही १५ टक्क्यांपर्यंतचा अपुरेपणा माफ आहे. पण चिपळूणचा पूर चारच महिन्यांत आला. नवी पॉलिसी तोवर फारच थोड्यांच्या हाती होती.

जबलपूरच्या सदरमध्ये बसून हे लिहिण्यामागे कारण आहे. बरगी धरणाचे दरवाजे उघडले की ग्वारीघाटाला सावधानतेचा इशारा मिळतो. मुसळधार पावसात ओमती आणि मोती नाल्यांच्या काठी पाणी घरांत शिरते. आपली तळमजल्यावरची दुकाने, बँकेच्या कर्जातला माल, कपाटात न सापडणारी पॉलिसी, सारे चिपळूणसारखेच आहे. म्हणून चिपळूणने मोजलेल्या किमतीतून आपण शिकावे. चिखल काढण्याआधी प्रत्येक खोलीचे आणि भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेचे फोटो काढावेत. कंपनीला लगेच कळवून दाव्याचा क्रमांक घ्यावा. सर्वेक्षकाला यायला उशीर होणार असेल तर सफाईची परवानगी लेखी मागावी. खराब वस्तूंची यादी करून निदान एकेक नमुना बाजूला ठेवावा. कंपनीने दावा नाकारला तर आधी तिच्याकडेच लेखी तक्रार करावी; तिने ती फेटाळली किंवा महिनाभर उत्तर दिले नाही, तर आपल्यासाठी भोपाळचे आणि चिपळूणकरांसाठी पुण्याचे विमा लोकपाल कार्यालय आहे. तिथे तक्रारीला शुल्क नाही, वकीलही लागत नाही.

पुरानंतर मदतीला धावणारे हात आपल्याकडे कधीच कमी पडले नाहीत. कमी पडतो तो कागद समजावून सांगणारा माणूस. आपल्या मंडळांनी आणि व्यापारी संघांनी दर वर्षी मे महिन्यात एक दिवस ठरवून प्रत्येकाच्या पॉलिसीवरचा पत्ता, रक्कम आणि मुदत तपासून द्यावी. एवढे केले तर पावसाळ्यात फावडे उचलताना घरच्यांना दाव्याची धास्ती राहणार नाही.