कोशालाही प्रश्न विचारा!

दोस्तांनो, तुमच्या वह्या बाई तपासतात. चूक दिसली की लाल पेनानं गोल! आज जरा उलटं करू या. लाल पेन तुमच्या हातात, आणि तपासायचा आहे चक्क ज्ञानकोश.

‘छे! कोशात कधी चूक असते का?’ असते, बरं का. कोशही माणसंच लिहितात. ही नोंद वाचा पाहू. मुद्दामच वाईट लिहिली आहे.

‘काजळी सुरय हा फार सुंदर पक्षी आहे. तो समुद्रावर राहतो. रात्री तो बदकासारखा पाण्यावर तरंगत झोपतो. तो पुष्कळ अंडी घालतो. तो सगळीकडे आढळतो.’

चंद्रपूर-गडचिरोलीची मुलं म्हणतील, ‘आम्ही तर समुद्रही पाहिला नाही. आम्ही काय तपासणार?’ अरे, प्रश्न विचारायला समुद्र कशाला हवा?

पहिलं वाक्य घ्या. ‘सुंदर’ म्हणजे कसा? हे झालं लिहिणाऱ्याचं मत. पाठ काळी, पोट पांढरं, कपाळ पांढरं, शेपटी दुभंगलेली, असं लिहिलं तर पक्षी डोळ्यांपुढे उभा राहतो. दुसरं वाक्य : कुठला समुद्र? उत्तर हवं, उष्ण कटिबंधातला. तिसऱ्यावर मात्र मोठ्ठा गोल काढा! या पक्ष्याची पिसं पाण्यात भिजतात, म्हणून तो पाण्यावर फारसा बसतच नाही. घरट्यातून उडालेलं पिल्लू काही वर्षं जवळजवळ सगळा वेळ हवेतच काढतं. पाण्याच्या पृष्ठभागाजवळचे मासे तो उडता उडताच टिपतो. चौथंही चूक. मादी एका वेळी बहुधा एकच अंडं घालते, तेही जमिनीवर. आणि ‘सगळीकडे’ म्हणजे नेमकं कुठे? लक्षद्वीपमधलं पिट्टी बेट सुरयांच्या वसाहतींसाठी प्रसिद्ध आहे. तिथे तो अंडी घालतो, असं नाव-गाव हवं.

पाहिलंत? पाच वाक्यं आणि पाचही कच्ची. ती तुम्ही कशानं पकडलीत? तीनच प्रश्नांनी : कुणी पाहिलं, कुठे पाहिलं, केव्हा पाहिलं?

एका खोट्या नोंदीची गोष्ट

‘एवढा कीस कशाला पाडायचा?’ असं वाटत असेल, तर रानपिंगळ्याची गोष्ट ऐका. हे छोटं घुबड १८७२ मध्ये आजच्या छत्तीसगडच्या भागात मिळालं. पुढच्या वर्षी ह्यूम यांनी त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. १८८४ नंतर मात्र ते दिसेनासं झालं. मग कर्नल माइनर्टझागेन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं सांगितलं, की मला १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीजवळ एक मिळालं. झालं! पुस्तकांत तीच नोंद आली. शोधणारे त्या खुणेवर विसंबले आणि हात हलवत परतले.

पामेला रासमुसेन या अमेरिकन संशोधिकेनं संग्रहालयातला तो पक्षी तपासला आणि तिला लबाडी कळली. तो कुणी दुसऱ्यानंच पूर्वी जमवलेला नमुना होता. तो चोरून, नव्यानं शिवून, त्यावर खोटी चिठ्ठी लावलेली होती. तिनं आणि तिच्या सोबत्यांनी मांडवी सोडली आणि जुन्या, खऱ्या नोंदींच्या जागा गाठल्या. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, आजच्या नंदुरबार जिल्ह्यात, रानपिंगळा भर दिवसा फांदीवर बसलेला सापडला. तब्बल ११३ वर्षांनी! पुढे आपल्या विदर्भात, मेळघाटातही तो आढळला. पाखरू इथेच होतं. खुणेची पाटी तेवढी चुकीची होती.

आता वैनगंगेवर चला

काजळी सुरयाचा एक भाऊबंद तुमच्याच नदीवर राहतो. नाव नदी सुरय. पिवळी चोच, लाल पाय, आणि विणीच्या दिवसांत डोक्यावर काळी टोपी. उन्हाळ्यात पात्रातल्या रेतीवर साधा खळगा करून त्यात तो अंडी घालतो. काडी नाही, गवत नाही. रेतीच्या रंगाची अंडी पायाखाली आली तरी कळत नाहीत!

पूर्वी हा आपल्या नद्यांवर नेहमी दिसणारा पक्षी. एखाद्या जुन्या पुस्तकात तो ‘विपुल’ आहे असं वाचलंत, तर पुन्हा लाल पेन काढा. २०२० मध्ये जागतिक लाल यादीत त्याची नोंद ‘असुरक्षित’ या वर्गात झाली. रेतीचा उपसा, मोकाट कुत्री, धरणातून अचानक सुटणारं पाणी... रेतीवरच्या अंड्यांचं काय होत असेल? म्हणजे काल बरोबर असलेलं वाक्यही आज चुकीचं ठरू शकतं.

मग ते दुरुस्त कोण करणार? मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे. तिथे कुणीही लिहू शकतं. पण ‘मी पाहिलं’ एवढ्यावर भागत नाही, छापून आलेला भरवशाचा आधार द्यावा लागतो. म्हणून आधी वही करा. तारीख, वेळ, गाव, किती पक्षी, काय करत होते, सगळं लिहा. तुमचे ढिवर आजोबा किंवा गोंड, माडिया शेजारी पक्ष्याला काय म्हणतात, तेही टिपा. मारुती चितमपल्ली यांनी वनखात्यात राहून जंगलातल्या माणसांकडून अशीच माहिती गोळा केली. त्यांचा ‘पक्षीकोश’ २००२ मध्ये आला.

मोठ्यांच्या मदतीनं तुमची नोंद ‘ई-बर्ड’वरही टाकता येते. अशाच सुमारे ३० हजार निरीक्षकांच्या ३ कोटी नोंदींतून २०२३ मध्ये भारतातल्या पक्ष्यांचा अहवाल तयार झाला. उद्या कोशातलं वाक्य त्यातूनच बदलेल.

फक्त एक सांभाळा. घरट्यापाशी जाऊ नका. आईबाप उडाले, तर तापल्या रेतीवर अंडी उन्हात करपतात. काठावरूनच बघा.

आणि ‘आज एकही दिसला नाही’ असं झालं तर? तेही लिहा. ती नोंदसुद्धा खरी आहे, आणि कदाचित सगळ्यात महत्त्वाची!