‘५०० मराठी ई-बुक्स फुकट’: लिंक पुढे पाठवण्याआधी लेखक कधी गेले ते बघा

दर काही दिवसांनी कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर हा मेसेज येतोच. कादंबऱ्या, चरित्रं, आरोग्य, अध्यात्म, सगळं एकाच लिंकवर, लवकर डाउनलोड करा, ग्रुप बंद होणार आहे! लिंक उघडली की ‘श्यामची आई’च्या शेजारी ‘मृत्युंजय’, त्याखाली ‘ग्रामगीता’ आणि मग गांधीजींची आत्मकथा. एकाच फोल्डरमध्ये, एकसारख्या दिसणाऱ्या पीडीएफ. पण कायद्याच्या नजरेत या चौघांची गोष्ट चार प्रकारची आहे.

ती समजून घ्यायला वर्धा जिल्ह्याइतकी सोयीची जागा नाही. कारण इथं काही मैलांच्या परिसरात गांधीजी, विनोबा आणि जे. सी. कुमारप्पा राहिले, लिहिते राहिले, आणि प्रत्येकाच्या पुस्तकांचं वेळापत्रक वेगळं निघालं.

आधी नियम. भारतात पुस्तकाचा कॉपीराइट लेखक हयात असेपर्यंत आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो. ही ६० वर्षं मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. मुदत संपली की पुस्तक सगळ्यांचं. कुणीही स्कॅन करावं, छापावं, ग्रुपवर टाकावं. पूर्वी ही मुदत ५० वर्षांची होती. रवींद्रनाथ टागोर १९४१ साली गेले, त्यामुळे १९९१ संपताना त्यांचं साहित्य खुलं होणार होतं. नेमकं तेव्हाच सरकारनं मुदत १० वर्षांनी वाढवली, आणि ती टागोरांपुरती न राहता सगळ्यांनाच लागू झाली.

आता गांधीजी. १९३६ पासून ते सेवाग्रामला राहत होते. त्यांच्या लेखनाचे हक्क अहमदाबादच्या नवजीवन ट्रस्टकडे होते. १९४८ मध्ये ६० मिळवा: २००८ अखेर मुदत संपली आणि १ जानेवारी २००९ पासून त्यांचं मूळ लेखन मुक्त झालं. नवजीवननं मुदतवाढीसाठी धडपड केली नाही, ही बाब आवर्जून सांगायला हवी. १९४१ च्या डिसेंबरात सेवाग्रामहून बारडोलीला जाताना रेल्वेत लिहिलेली ‘रचनात्मक कार्यक्रम’ ही छोटी पुस्तिका असो की आगाखान पॅलेसच्या कैदेत लिहिलेली ‘आरोग्याची किल्ली’, मूळ मजकूर आज कुणाच्याही परवानगीशिवाय वाटता येतो.

इथवर सोपं आहे. फसगत होते ती अनुवादात.

अनुवाद हे कायद्यानं स्वतंत्र पुस्तक असतं आणि त्याची मुदत अनुवादकाच्या मृत्यूपासून मोजतात. गांधीजींची आत्मकथा मूळ गुजराती. इंग्रजीत ती मुख्यतः महादेवभाई देसाईंनी आणली. ते १९४२ मध्ये गेले, म्हणजे त्यांनी केलेला अनुवाद मोकळा आहे. मराठीत ती सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन यांनी, म्हणजे आपल्या अप्पा पटवर्धनांनी आणली. ते १९७१ मध्ये गेले. हिशोब करा: मराठी अनुवाद २०३१ अखेरपर्यंत संरक्षित. एकच आत्मकथा, पण मराठीत पीडीएफ कुणी टाकली ते आधी बघा. हक्क असलेल्यांनी स्वतःच ती मोफत ठेवली असेल तर प्रश्नच मिटला. मात्र मोफत वाचायला मिळणं वेगळं आणि आपण ती पुन्हा छापून विकणं वेगळं.

गांधीजींचं खुलं, मग विनोबांचंही असणार, असं आपण सहज धरून चालतो. पण विनोबा १५ नोव्हेंबर १९८२ ला पवनारला गेले. म्हणजे त्यांचं साहित्य २०४२ अखेरपर्यंत कॉपीराइटखाली. ‘गीता प्रवचने’ची गंमत तर आणखी वेगळी. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा बोलले आणि साने गुरुजींनी ते टिपून घेतलं. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांची स्वतःची पुस्तकं १ जानेवारी २०११ ला खुली झाली. पण प्रवचनांतले शब्द विनोबांचे, तेव्हा साल धरायचं तेही विनोबांचं. आणि ‘गीताई’? वर्ध्याच्या गोपुरीत गीताई मंदिर आहे, छप्पर नसलेलं. तिथं अख्खी गीताई दगडांवर कोरलेली आहे. जा, उभ्यानं वाचा, कुणी पैसे मागत नाही. पण तिची ई-बुक आवृत्ती काढायची तर परवानगी हवी.

तिसरे कुमारप्पा. वर्ध्याच्या मगनवाडीतून ग्रामोद्योग संघाचं काम पाहणारे अर्थतज्ज्ञ. ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ हे पुस्तक त्यांनी तुरुंगात लिहिलं. निसर्गाची पुंजी संपवणारा विकास टिकत नाही, हे १९४५ मध्ये सांगणारं पुस्तक. ते ३० जानेवारी १९६० ला गेले. त्यामुळे मूळ इंग्रजी पुस्तक २०२१ पासून खुलं आहे. पर्यावरणावर बोलणाऱ्या कितीतरी नव्या पुस्तकांपेक्षा मला ते जास्त ताजं वाटतं.

आता त्या फोल्डरकडे परत येऊ. ‘श्यामची आई’ घ्या, वाटा. फक्त नव्या आवृत्तीतली चित्रं आणि प्रस्तावना यांचे हक्क वेगळे असू शकतात. ‘मृत्युंजय’ नाही, शिवाजी सावंत २००२ मध्ये गेले. ‘ग्रामगीता’ वर्धा-अमरावती पट्ट्यात घरोघर असते म्हणून ती सार्वजनिक वाटते, पण तुकडोजी महाराज ११ ऑक्टोबर १९६८ ला गेले, तेव्हा नुसत्या सालाच्या हिशोबानं १ जानेवारी २०२९ पर्यंत थांबायचं. बहिणाबाईंच्या गाण्यांना वेगळा नियम लागतो: त्या १९५१ मध्ये गेल्या, पुस्तक त्यानंतर १९५२ मध्ये आलं. लेखकाच्या पश्चात छापलेल्या पुस्तकाची ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात, म्हणजे तेही मोकळं.

हक्काचं पुस्तक जाणूनबुजून वाटणं हा गुन्हा आहे. शिक्षा ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. ग्रुपवर फॉरवर्ड करणाऱ्याच्या दारात लगेच पोलीस येतील असं नाही. पण मराठी कादंबरीच्या खपाकडे पाहता, मूठभर लोकांनी विकत घेतलेली पीडीएफ हजारोंच्या फोनवर गेली तर पुढची कादंबरी छापायला प्रकाशक दहा वेळा विचार करतो. आणि लिंकवर पुस्तकाऐवजी एखादं ॲप उतरवायला सांगितलं तर कॉपीराइट राहू द्या, तुमच्या बँक खात्याची काळजी करा.

विकत घेतलेल्या ई-बुकचीही एक मेख आहे. २००९ मध्ये ॲमेझॉननं ग्राहकांच्या किंडलवरून विकलेली पुस्तकं परस्पर काढून घेतली होती, कारण विकणाऱ्याकडे हक्क नव्हते. त्यात ऑर्वेलचं ‘१९८४’ होतं! पैसे परत दिले, पण वाचकांना तेव्हा कळलं की आपण पुस्तक नाही, वाचायची परवानगी विकत घेतो.

मग सरळ मार्गानं फुकट वाचायचं कुठं? वर्ध्याच्याच महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विद्यापीठाचं ‘हिंदी समय’ हे संकेतस्थळ हिंदी कथा, कादंबऱ्या, नाटकांसाठी. गांधीजींच्या समग्र वाङ्मयाचे इंग्रजीतले १०० खंड गांधी हेरिटेज पोर्टलवर. मराठीसाठी राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तकं, विश्वकोश, आणि लेखकांच्या परवानगीनं पुस्तकं मोफत देणारं ई-साहित्य प्रतिष्ठान. जुन्या लेखकांत हरि नारायण आपटे, गडकरी, लक्ष्मीबाई टिळक कधीच खुले झालेत. एक त्रास सांगून ठेवतो: बऱ्याच जुन्या पीडीएफ म्हणजे पानांचे फोटो असतात, मोबाइलवर अक्षर बारीक दिसतं आणि शब्द शोधता येत नाही. ईपब मिळत असेल तर तीच घ्या.

आणि कॅलेंडरवर आणखी एक तारीख टाका. आचार्य अत्रे आणि अण्णा भाऊ साठे दोघेही १९६९ मध्ये गेले. त्यांची पुस्तकं १ जानेवारी २०३० ला खुली होतील.