गुळगुळीत पावलीचा भाव

ऑक्टोबर 2025 मध्ये चांदीने औंसामागे 50 डॉलरची पातळी ओलांडून 1980 चा उच्चांक मोडला, त्यावर आता नव्याने सांगण्यासारखे फारसे उरलेले नाही. सौर पॅनेल, लंडनमधली टंचाई, ऐन दिवाळीत आपल्याकडे उडालेली धावपळ, सगळे छापून झाले. भाव चढला की मोड बाहेर येते, हेही कुणा सराफाकडून शिकायला नको. प्रश्न आहे तो मोडीत नेमके काय जाते याचा. अमेरिकेत 1964 पर्यंतची दहा सेंट, पाव डॉलर आणि अर्ध्या डॉलरची नाणी 90 टक्के चांदीची असत. दर्शनी किमतीने एक डॉलर होईल एवढ्या नव्या नाण्यांत 0.7234 औंस चांदी भरे. मोड घेणारे व्यापारी मात्र हिशेब 0.715 ने करतात. मधली घट लोकांच्या खिशांत, गल्ल्यांत आणि बोटांवर गेली. 50 डॉलरच्या भावाने एका झिजक्या पाव डॉलरमधून जवळपास नऊ डॉलरचा धातू निघतो. वितळवण्यावर 1967 साली घातलेली बंदी 1969 मध्येच उठली, तेव्हा कायद्याचाही अडसर नाही. अशा वेळी मुशीत आधी पडते ते झिजलेले नाणे, कारण चकाकत्या नाण्याला कुणीतरी वाली असतो. पण जपण्यासारखे खरे तर तेच आहे: दुर्मीळ सालाचे आणि वापरून झिजलेले.

उदाहरणार्थ बार्बर नाणी. चार्ल्स बार्बर हा फिलाडेल्फियाच्या टांकसाळीचा मुख्य शिक्काकार. त्याने घडवलेली ही चांदीची तीन नाणी 1892 पासून निघाली, 1915-16 पर्यंत पाडली गेली आणि त्यानंतरही कित्येक वर्षे, अगदी महामंदीतही, हातोहाती फिरत राहिली. पाव डॉलर कोराच ठेवून देण्याची चैन परवडणारे थोडे, आणि ज्यांना परवडत होते त्यांना बार्बरची स्वातंत्र्यदेवी काही फार भावली नव्हती. (ती आहेच जरा ठोकळेबाज.) त्यामुळे 1901 साली सॅन फ्रान्सिस्कोत पडलेल्या 72,664 पाव डॉलरांपैकी आज हाती लागतात ते बहुतेक गुळगुळीत झालेले. देवीच्या केसांतल्या पट्टीवर ‘लिबर्टी’ हा शब्द कोरलेला असतो. त्याची सगळी अक्षरे वाचता आली तर प्रत ‘फाइन’, तीनेक अक्षरे दिसली तर ‘व्हेरी गुड’, एकही उरले नसेल तर ‘गुड’. म्हणजे कपाळावर लिहिलेले सगळे पुसले गेले की या धंद्यात त्याला ‘गुड’ म्हणतात, आणि या सालाच्या तसल्या ‘गुड’लाही हजारो डॉलर पडतात. नेव्हाडातल्या कार्सन सिटीचे 1870 चे पाव डॉलर तर 8,340 च पडले होते. खाणींच्या मुलखातले ते नाणे फारसे कुणी मखमलीत ठेवले नाही.

हे सगळे मोजण्याची 1 ते 70 ची पट्टी ज्याने दिली तो विल्यम हर्बर्ट शेल्डन पेशाने मानसशास्त्रज्ञ होता. माणसांच्या देहाचे तीन प्रकार पाडून त्यांवरून स्वभाव सांगणारा, आणि त्यासाठी विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांची विवस्त्र छायाचित्रे जमवणारा. 1949 मध्ये त्याने तांब्याच्या जुन्या, मोठ्या सेंटवर पुस्तक लिहिले, त्यात ही पट्टी आली. तिचे आकडे रूपाचे नव्हते, पैशाचे होते. जेमतेम ओळखू येणाऱ्या सेंटला एक डॉलर मिळत असेल, तर त्याच जातीच्या निर्दोष सेंटला सत्तर मिळावेत, असे ते त्रैराशिक. बाजाराने ते थोड्याच वर्षांत निकालात काढले, पण आकडे मागे उरले. 1980 च्या दशकात पीसीजीएस आणि एनजीसी या प्रमाणपत्र देणाऱ्या कंपन्या निघाल्या आणि त्यांनी तांब्यासाठी बेतलेली पट्टी चांदी-सोन्यालाही लावून नाणी प्लॅस्टिकच्या डबीत बंद करायला सुरुवात केली. देहाच्या मापावरून माणूस ओळखण्याचे शेल्डनचे शास्त्र केव्हाच रद्दीत गेले. नाण्याला एका आकड्यात बसवण्याची त्याची खोड मात्र आजही मोठमोठे सौदे ठरवते. याच शेल्डनने न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातले सरस सेंट उचलून त्यांच्या जागी आपले कमअस्सल सेंट ठेवले होते, हे पुढे उघडकीस आले. एकेका गुणाची किंमत पट्टी करणाऱ्यालाच सर्वांत नेमकी ठाऊक असावी, यात नवल नाही.

त्या पट्टीमुळे एक समज घट्ट झाला की वरचे टोक दुर्मीळ आणि खालचे सामान्य. प्रत्यक्षात कोऱ्या नाण्याची दुर्मीळता कुणाच्या तरी तिजोरीच्या मेहेरबानीवर असते. न्यू ऑर्लिन्सच्या टांकसाळीचा 1903 चा ‘मॉर्गन’ जातीचा चांदीचा डॉलर कोऱ्या अवस्थेत इतका दुर्लभ मानला जाई की सूचीत त्याची किंमत 1,500 डॉलर छापत. 1962 च्या अखेरीस सरकारी खजिन्यातल्या थैल्या उघडल्या, त्यांत हीच नाणी निघाली आणि भाव काही डॉलरांवर कोसळला. झिजलेल्या नाण्याच्या बाबतीत असा दगाफटका होणे कठीण, कारण तिजोरीत नाणे झिजत नाही. त्याला बाजारातच जावे लागते. बरे, किती नाणी पाडली हा टांकसाळीचा आकडा तरी कितपत धरायचा? 1918 च्या पिटमन कायद्याखाली अमेरिकेने 27,02,32,722 चांदीचे डॉलर वितळवले. त्यातली बहुतेक चांदी ब्रिटनने हिंदुस्थानासाठी विकत घेतली, कारण महायुद्धाच्या धामधुमीत लोक कागदी नोटा देऊन रोख रुपये मागत होते आणि सरकारची चांदी संपत आली होती. लक्ष्मीपूजनाच्या ताटात एखादा पंचम जॉर्जचा, 1918-19 चा रुपया असेल, तर त्यात मॉर्गन डॉलरचा अंश असणे सहज शक्य आहे. पण वितळलेल्या डॉलरांत कोणत्या सालाचे, कोणत्या टांकसाळीचे किती, हे कुणी लिहून ठेवले नाही. नाण्यांच्या जन्माची नोंद आहे, मृत्यूची नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो वेगळ्याच बाजूने. झीज एवढी मोलाची असेल तर जितके गुळगुळीत तितके उत्तम, असे का म्हणू नये? अमेरिकेत असे म्हणणारे आहेत. ‘लोबॉल’ नावाच्या या शौकात पट्टीवर एक गुण मिळवणारी, म्हणजे साल कसेबसे ओळखू येईल इतकीच उरलेली नाणी जमवून संच पुरा करतात. मॉर्गन डॉलर लोकांनी फारसा वापरलाच नाही, म्हणून साध्या सालाचा चकाकता मॉर्गन सहज मिळतो आणि पार घासलेला शोधावा लागतो; तेव्हा घासलेल्याला जास्त पैसे. इथे मात्र माझी सहानुभूती संपते. ही शेल्डनचीच पट्टी, फक्त उलटी धरलेली. शिवाय झीज तयार करता येते. वर्षानुवर्षे नाणे खिशात वागवणारे हौशी आहेत, तसे पिंपात फिरवून ते महिन्यात म्हातारे करणारे लबाडही असणार. ज्या नाण्यात झिजेखेरीज दुसरा गुण नाही, त्याची झीज विकत घेण्यात अर्थ नाही. 1901 च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या पाव डॉलरला मात्र कुणी मुद्दाम घासणार नाही, कारण प्रत्येक पुसलेल्या अक्षरासरशी त्याचा खिसा हलका होतो. झिजेच्या खरेपणाची हमी दुर्मीळ साल देते, म्हणून या दोन गोष्टी एकत्रच मागाव्यात.

दुसरा आक्षेप पैशाचा: श्रीमंत झाले ते निर्दोष नाणी घेणारे. खरे आहे. 1794 साली अमेरिकेने पहिले 1,758 डॉलर पाडले, त्यातला एक उत्कृष्ट नमुना जानेवारी 2013 मध्ये एक कोटी डॉलरच्या वर गेला. पण तो खेळ किती जणांचा? वरच्या टोकाला 66 आणि 67 यांतला फरक एखाद्या परीक्षकाच्या त्या दिवशीच्या नजरेवर ठरतो. म्हणूनच तर लोक डब्या फोडून तेच नाणे पुन्हा गुणांसाठी पाठवतात. खालच्या टोकाला 3 आणि 8 यांतला फरक भिंग न लावताही दिसतो. साधी मिळकत असलेल्या माणसाला स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा ठेवता येईल असा हा कोपरा आहे.

आणि झिजलेल्या नाण्यावर वाचण्यासारखे काही उरत नाही, हा आक्षेप तर उलटाच लागू पडतो. 1916 चा नवा पाव डॉलर 52,000 च पडला. त्यावर देवी उभी आहे त्या पायरीवर साल उठावात कोरले होते, आणि उठाव आधी झिजतो. काही वर्षांतच नाणी बिनसालाची होऊ लागली, तेव्हा 1925 मध्ये साल खोलगट जागेत बसवावे लागले. चूक टांकसाळीने केली, ती पकडली बाजाराने, आणि साल नसलेली 1916 ची नाणी जाणकार आजही देवीच्या केसांवरून आणि वस्त्राच्या चुण्यांवरून ओळखतात. चीनच्या व्यापारासाठी 1873 पासून काढलेल्या ‘ट्रेड डॉलर’वर तिथल्या सराफांनी तपासणीचे ठसे मारले. ती नाणी पूर्वी बिघडलेली समजत, आता त्यांचे वेगळे संग्राहक आहेत. आपल्याकडच्या रुपयांवरही सराफी खुणा सापडतात. बट्टा म्हणजे मुळात झिजलेल्या किंवा परमुलखातल्या नाण्यावर सराफ कापून घेई ती रक्कम. मराठीने तो शब्द अब्रूला चिकटवला, म्हणून नाण्याची झीज आपल्याला अजून डाग वाटते की काय कोण जाणे.

फसवणूक इथेही आहे. फिलाडेल्फियाच्या 1901 च्या पाव डॉलरवर टांकसाळीचे अक्षर नसते, तो लाखोंनी पडला, आणि त्यावर ‘एस’ चिकटवून सॅन फ्रान्सिस्कोचा म्हणून विकणे हा जुना धंदा आहे. दिवाळीला राणीछाप रुपये आपण घासूनपुसून लख्ख करतो. पूजेच्या नाण्याला ते शोभते, पण संग्रहाच्या नाण्यावरचा अक्षरांभोवतीचा करडा थर गेला की झीज खरी की बनावट हे सांगणारा एक साक्षीदार गेला. 1980 मध्ये भाव चढला तेव्हा किती दुर्मीळ साले ढिगात वितळली, त्याचीही नोंद नाही. आत्ता डॉलरला 0.715 या हिशेबाने जे डबे तराजूवर रिकामे होत आहेत, त्यांतले प्रत्येक नाणे उलटून पाहायला फार तर दोन सेकंद लागतात. बार्बर पाव डॉलरवर टांकसाळीचे ते अक्षर मागच्या बाजूला, गरुडाच्या शेपटीखाली असते.