ट्रॉलीचे ब्रेक : ड्रम की डिस्क ?

उसाचा गळीत हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टर व ट्रॉल्यांची वर्दळ रस्त्यांवर वाढते. शेतकरी ट्रॅक्टर घेताना त्याच्या अश्वशक्तीची व डिझेलच्या खपाची बारकाईने चौकशी करतो. ट्रॉली घेताना तिच्यात किती माल मावतो, हेही तो पाहतो. परंतु भरलेली ट्रॉली थांबवावयाची कशी, हा प्रश्न मात्र बहुधा कोणी विचारीत नाही. अनेक ट्रॉल्यांना ब्रेकच नसतो, आणि ज्यांना असतो त्यांतील पुष्कळांचा तो निकामी झालेला असतो. सगळा भार ट्रॅक्टरच्या ब्रेकवर टाकून माणूस उतारावर निघतो व दैवाच्या हवाली होतो. ट्रॉलीला ब्रेक का हवा, ड्रम व डिस्क या दोन प्रकारांत फरक कोणता, आणि जुने ड्रम काढून डिस्क बसवावयाचे झाल्यास काय सांभाळावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

थांबण्याचे गणित

२ टन वजनाचा ट्रॅक्टर व त्यामागे मालासह ८ टन वजनाची ट्रॉली, म्हणजे एकूण १० टन, असे उदाहरण घेऊ. सर्वसाधारण ट्रॅक्टरला ब्रेक फक्त मागील दोन चाकांना असतो. या चाकांवर ट्रॉलीच्या दांडीच्या दाबासह सुमारे २ टन भार येतो. कोरड्या रस्त्यावर टायरची पकड त्या भाराच्या सहा दशांश धरली, तर थांबविणारे बळ सव्वा टनाच्या आतच, म्हणजे १,२०० किलो भरते. तेवढ्या बळावर १० टनांचा गाडा थांबवावयाचा असतो.

ताशी २० किलोमीटर वेगात ब्रेक लागल्यापासून हा गाडा सुमारे १३ मीटरवर थांबेल. वेग ३० किलोमीटर असेल तर २९ मीटर लागतील. वेग दीडपट झाला की थांबण्याचे अंतर सव्वादोनपट होते, हे ध्यानात ठेवावे. शिवाय धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद गेला, तरी तेवढ्यात गाडी आणखी ८ मीटर पुढे गेलेली असते. ट्रॉलीच्या चारही चाकांना चांगले ब्रेक असून ते ट्रॅक्टरच्या ब्रेकबरोबर लागत असतील, तर हीच अंतरे अनुक्रमे ४ व ९ मीटरपर्यंत खाली येऊ शकतात.

आता उतार पाहू. १५ मीटर चालीत १ मीटर उतरणाऱ्या रस्त्यावर १० टनांचा गाडा सुमारे ६७० किलो बळाने खाली ओढला जातो. रस्ता कोरडा असेल तर १,२०० किलोंपैकी निम्म्याहून अधिक बळ हा ओढा तोलण्यातच खर्च होते. पाऊस पडून रस्ता निसरडा झाला व टायरची पकड निम्म्यावर आली, तर ट्रॅक्टरच्या ब्रेकचे बळ ६०० किलोच उरते. म्हणजे चाके पूर्ण जाम झाली तरी गाडा थांबणार नाही, तो घसरतच जाईल. मागून ट्रॉलीचा रेटा येऊन ट्रॅक्टर आडवा होतो व उलटतो, तो याच कारणाने. चालक कितीही कुशल असला तरी हे गणित बदलत नाही. ट्रॉलीच्या स्वतःच्या ब्रेकने मात्र ते बदलते.

ड्रम ब्रेक

ड्रम ब्रेकमध्ये चाकाबरोबर फिरणारा बिडाचा ड्रम असतो. त्याच्या आत अर्धवर्तुळाकार दोन शू असून त्यांवर लायनर बसविलेले असतात. ब्रेक दाबला की शू बाहेर फाकतात व ड्रमच्या आतील अंगाला घासतात. यात एक सोय अशी की, पुढे फिरणारा ड्रम शूला आपल्याबरोबर ओढून अधिक घट्ट दाबतो. म्हणून थोड्या दाबाने पुष्कळ काम होते. ड्रम बंदिस्त असल्याने शेतातील चिखलाचा शिडकावा सहसा आत जात नाही, हातब्रेक जोडणे सोपे जाते आणि खर्चही कमी येतो.

उणीव उष्णतेच्या बाबतीत आहे. १० टनांचा गाडा १०० मीटर खोल उतरला की त्याची सारी शक्ती कोठे तरी उष्णतेच्या रूपाने बाहेर पडावी लागते. प्रत्येकी २० किलोंचे चार ड्रम असून ही सर्व उष्णता त्यांनीच घेतली, तर त्यांचे तापमान सुमारे २४५ अंश सेल्सिअसने वाढेल. तापलेला ड्रम फुगतो व शूपासून दूर सरतो, म्हणून पेडल अधिक खोल जाऊ लागते. त्याच वेळी तापलेल्या लायनरची पकडही कमी होते. ब्रेकची सर्वांत अधिक गरज उताराच्या शेवटी असते, आणि नेमका तेथेच तो दगा देतो. ओढ्यातून जाताना ड्रममध्ये शिरलेले पाणी लवकर निघत नाही, हीही एक अडचण आहे.

डिस्क ब्रेक

डिस्क ब्रेकमध्ये चाकाबरोबर एक उघडी चकती फिरते. कॅलिपरमधील दोन पॅड तिला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखे धरतात. चकती उघड्या हवेत असल्याने लवकर निवते. तापल्यावर ती फुगते ती पॅडच्याच दिशेने, त्यामुळे पेडल खोल जात नाही. तिच्यावरील पाणी फिरताना झटकले जाते. पॅडची झीज बाहेरून पाहता येते व ते बदलणेही सोपे असते. डाव्या व उजव्या चाकांचा ब्रेक सारखा लागत असल्याने ट्रॉली एका अंगाला ओढत नाही.

परंतु ड्रमप्रमाणे स्वतःला ओढून घट्ट करण्याचा गुण डिस्कमध्ये नाही. म्हणून तिला पुष्कळ अधिक दाब द्यावा लागतो. अमेरिकेत कुटुंबे मोटारीमागे घरासारखा ट्रेलर जोडून प्रवासास जातात. तेथील अशा ट्रेलरना बहुधा १२ व्होल्टच्या विद्युत्‌चुंबकावर चालणारे ड्रम ब्रेक असतात. डोंगराळ मुलखात जाणारे पुष्कळ लोक ते काढून डिस्क बसवितात. तसे करताना चुंबक टाकून द्यावा लागतो व विजेवर चालणारा तेलाचा पंप घ्यावा लागतो. ड्रमसाठी असा पंप चौरस सेंटिमीटरला सुमारे ७० किलो दाबाचा, तर डिस्कसाठी सुमारे ११२ किलो दाबाचा घेतात. यावरून, नुसती चकती बसविली म्हणजे काम झाले असे नव्हे, हे स्पष्ट होईल.

बदल करताना घ्यावयाची काळजी

१. आस, हब व ब्रेकचा संच ही तिन्ही ट्रॉलीच्या भरलेल्या वजनास पुरेशी असावीत. कॅलिपरला चाकाच्या आत जागा आहे की नाही, हे आधी मोजावे.

२. मास्टर सिलिंडर डिस्कला लागणारा दाब देणारा असावा. ड्रमच्या मास्टर सिलिंडरमध्ये थोडा दाब कायम राखणारी झडप असल्यास ती डिस्कसाठी काढावी लागते. नाही तर पॅड सतत घासत राहून तापतात.

३. पाइप व रबरी नळ्या त्या दाबास टिकणाऱ्याच असाव्यात. एकाच आसावर एका बाजूस ड्रम व दुसऱ्या बाजूस डिस्क कदापि बसवू नये.

४. ट्रॉलीच्या रेट्याने दांडीवर लागणारा ब्रेक असेल, तर मागे घेताना तो लागू नये अशी योजना करावी. डिस्क दोन्ही दिशांना सारखीच पकडते, हे विसरू नये.

५. संच ज्या ब्रेक ऑईलसाठी बनविला असेल तेच वापरावे. ब्रेक ऑईल हवेतील ओलावा शोषते. डॉट ३ प्रतीच्या नव्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असतो. ओलावा शोषलेल्या तेलाचा तो १४० अंशांपर्यंत उतरू शकतो. असे तेल उकळले की नळीत वाफ होते व पेडल पोकळ लागते. ज्या संचास हे तेल लागते त्यात इंजिनचे वा हायड्रॉलिकचे तेल घातल्यास रबरी वायसर फुगून निकामी होतात.

६. जोडणीनंतर सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करून नळ्यांतील हवा काढावी. प्रथम रिकामी ट्रॉली, नंतर अर्धी व शेवटी पूर्ण भरलेली ट्रॉली सपाट मोकळ्या जागेत थांबवून पाहावी.

७. काम जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावे. नोंदणी पुस्तकातील तपशिलाशी विसंगत असा फेरफार मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये करता येत नाही. म्हणून प्रादेशिक परिवहन कार्यालयात आधी विचारणा करावी.

कोणी काय करावे ?

ज्याच्या ट्रॉलीस मुळीच ब्रेक नाही, त्याने डिस्कची वाट पाहत बसू नये. ट्रॅक्टरच्या पेडलबरोबर लागणारा साधा ड्रम ब्रेक प्रथम बसवून घ्यावा. ज्याची वाहतूक सपाट मुलखात व थोड्या अंतराची आहे, त्याला नीट राखलेला ड्रम ब्रेक पुरेसा होतो. त्याने हंगामापूर्वी ड्रम उघडून लायनर पाहावे, हबचे ग्रीस लायनरवर आले असल्यास लायनर बदलावे व सर्व चाकांचे शू सारखे जुळवून घ्यावेत. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. त्यांची धूळ हवेच्या झोताने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. ज्याला घाट उतरावा लागतो किंवा दिवसभर जड माल ओढावा लागतो, त्याने डिस्कचा खर्च अवश्य विचारात घ्यावा.

ब्रेक कोणताही असो, पुढील नियम पाळावेत. रस्त्यावर येताच ट्रॅक्टरची डावी व उजवी ब्रेक पेडले एकमेकांस अडकवावीत. एकच पेडल दाबले गेल्यास ट्रॅक्टर गर्रकन वळतो. उताराच्या आधीच खालचा गिअर टाकावा व इंजिनाने गाडा आवरू द्यावा. डिझेल वाचविण्याच्या मोहाने न्यूट्रल करणे हा आत्मघात होय. ट्रॉली दांडीशिवाय साखळीनेही जोडावी, आणि उभी करताना चाकाखाली पाचर लावावी.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामाच्या प्रारंभी गावातील ट्रॉल्या एका मैदानात जमवून त्यांची तपासणी घडवून आणावी. भरलेली ट्रॉली किती पावलांत थांबते, हे सर्वांसमक्ष मोजून दाखवावे. ब्रेक असलेल्या व नसलेल्या ट्रॉलीतील अंतर शेतकऱ्याने एकदा डोळ्यांनी पाहिले, म्हणजे अधिक सांगण्याची गरज उरणार नाही. उभ्या पिकासाठी वर्षभर राबणाऱ्या माणसाने ते पीक पोहोचविताना जीव गमवावा, हे टाळणे आपल्याच हाती आहे.