नाक्यापलीकडचे रुग्ण

मुलुंडच्या चेक नाक्याशी मुंबईची हद्द संपून ठाण्याची सुरू होते. जकात २०१७ साली बंद झाली, नाक्याचे नाव मात्र राहिले. आजाराला ही हद्द ठाऊक नसते. जव्हार-मोखाड्याहून, क्वचित गुजरातेतील उंबरगावहूनही रुग्ण उपनगरांत येतात आणि विचारतात, "आम्ही बाहेरचे, सवलत मिळेल का?"

उच्च न्यायालयाच्या आदेशान्वये १ सप्टेंबर २००६ पासून धर्मादाय रुग्णालयांतील १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना विनामूल्य, तर १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीने देण्याची योजना आहे. तिचा निकष उत्पन्न हा आहे, जिल्हा नव्हे. महात्मा जोतिराव फुले योजना राज्यातील रुग्णांसाठी आहे. उंबरगावच्या रुग्णास उपयोगी पडते ते आयुष्मान कार्ड. ही दोन्ही मात्र सहभागी रुग्णालयांतच चालतात.

खरी अडचण कागदांची. तहसीलदारांचा दाखला घरी राहिला, तर रुग्णाला खाटेवर सोडून कोणाला तरी जव्हार गाठावे लागते. मजुरी बुडते ती वेगळीच. म्हणून निघण्यापूर्वीच दाखला, शिधापत्रिका व गावच्या रुग्णालयाची चिठ्ठी सोबत घ्यावी, अशी आमची कळकळीची विनंती आहे. प्रसंग तातडीचा असल्यास मात्र कागदांसाठी थांबू नये. अशा रुग्णास अनामत न मागता दाखल करून जीवरक्षक उपचार देणे धर्मादाय रुग्णालयांवर बंधनकारक आहे.

या योजनेसाठी प्रत्येक रुग्णालय आपल्या देयकांतील २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करते. तरीही दुर्बल घटकातील रुग्णास औषधे व साहित्याचा किमान निम्मा खर्च स्वतः सोसावा लागतो. देणगीदारांचे साहाय्य आम्हांस हवे आहे ते या निम्म्यासाठी, आणि नातेवाइकांच्या परतीच्या भाड्यासाठी.