परसातील आच : पेलेट स्मोकर आणि सिरॅमिक ग्रिल

अमेरिकेत घरामागच्या अंगणात होणाऱ्या ज्या स्वयंपाकाला सरसकट बार्बेक्यू म्हटले जाते, त्यात दोन वेगवेगळ्या क्रिया सामावलेल्या असतात. मांसाचे पातळ तुकडे, मासे किंवा भाज्या प्रखर निखाऱ्यांवर काही मिनिटांत भाजून काढणे ही पहिली क्रिया होय. झाकण लावलेल्या भट्टीत, साधारण १०० ते १३५ अंश सेल्सियस तापमानाला, लाकडाच्या धुरात मांसाचा मोठा तुकडा दहा-बारा तास ठेवून तो मऊ करणे ही दुसरी. टेक्सास किंवा कॅरोलायना येथील जाणकार दुसऱ्या क्रियेलाच खरा बार्बेक्यू मानतात. या दोन्ही क्रिया शक्य तो एकाच साधनात करू पाहणाऱ्या गृहस्थासमोर तेथील बाजार आज प्रामुख्याने दोन महागडे पर्याय मांडतो : भुशाच्या कांड्यांवर विजेच्या मदतीने चालणारा पेलेट स्मोकर आणि जाड भिंतींचे, लोणारी कोळशावर चालणारे सिरॅमिक ग्रिल. यांतले कोणते घ्यावे याची चर्चा बहुधा चवीपासून सुरू होते. ती आधी आचेपासून सुरू व्हायला हवी, कारण आच कोण सांभाळणार, यंत्र की माणूस, यावर या साधनांतला जवळजवळ प्रत्येक फरक अवलंबून आहे.

आच स्थिर राखण्याला एवढे महत्त्व का, हे मांसाच्या घडणीवरून समजते. ब्रिस्केट नावाचा गोमांसाचा छातीकडचा भाग किंवा डुकराचा खांदा यांतील स्नायू जनावराच्या शरीराचा भार वाहत असल्याने त्यांत कोलॅजेन हे चिवट प्रथिन भरपूर असते. मांसाच्या आतील तापमान ७० अंशांच्या वर गेले की कोलॅजेनचे हळूहळू जिलेटिन या मऊ, बुळबुळीत पदार्थात रूपांतर होऊ लागते, आणि म्हणूनच आतील तापमान ९५ अंशांच्या आसपास पोचेपर्यंत ब्रिस्केट भट्टीतून काढले जात नाही. या प्रवासात एक विचित्र टप्पा येतो. आतील तापमान ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान कोठेतरी अडकते आणि काही वेळा तासन् तास हलत नाही, कारण मांसाच्या पृष्ठभागावरून होणारे बाष्पीभवन भट्टीकडून मिळणारी उष्णता खर्च करून टाकते. नवखा माणूस येथेच घाबरून आच वाढवतो आणि बाहेरचा थर करपवून बसतो. अशा वेळी साधनाकडून अपेक्षा एकच असते : त्याने रात्रभर एकाच तापमानाला निमूटपणे जळत राहावे.

पेलेट स्मोकर हे काम इंधन मोजून करतो. पेलेट म्हणजे लाकडाचा भुसा प्रचंड दाबाखाली घट्ट करून केलेली, सुमारे ६ मिलिमीटर जाडीची कांडी. दाबाच्या वेळी निर्माण होणाऱ्या उष्णतेने लाकडातील लिग्निन हा घटक नरम होऊन भुसा सांधतो, त्यामुळे वेगळा डिंक सहसा लागत नाही. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेत घरे उबदार ठेवण्यासाठी या कांड्यांवर चालणाऱ्या शेगड्यांना चालना मिळाली, आणि ओरेगॉन राज्यातील माउंट एंजेल या गावच्या जो ट्रेगर यांनी १९८० च्या दशकात तीच कल्पना स्वयंपाकाकडे वळवली. त्यांच्या एकस्वाची मुदत संपल्यावर इतर अनेक उत्पादक या व्यवसायात उतरले. यंत्राची रचना मुळात साधी आहे. बाजूच्या साठवणपेटीतून मळसूत्राच्या आकाराचा एक फिरता दांडा कांड्या पुढे ढकलतो, त्या एका लहानशा लोखंडी वाटीत पडतात, विजेवर तापणारी सळई त्यांना पेटवते आणि पंखा हवा पुरवतो. वाटीवर धातूचे आडवे पत्रे असल्याने ज्वाळा थेट अन्नाला लागत नाहीत. गरम हवा आणि धूर पेटीभर खेळतात. आतला तापमापक दर काही सेकंदांनी नियंत्रकाला माहिती देतो आणि नियंत्रक त्यानुसार दांडा कमी-जास्त फिरवतो. सुधारित नियंत्रक तापमान किती घसरले एवढेच पाहत नाहीत, ते किती वेगाने घसरत आहे हेही हिशेबात घेतात, म्हणून त्यांची आच अधिक स्थिर राहते.

या सोयीची किंमत धुराच्या रूपाने मोजावी लागते. लाकडी धुराची ओळखीची चव लिग्निन अर्धवट जळताना सुटणाऱ्या ग्वायकॉल आणि सिरिंगॉल यांसारख्या संयुगांमुळे येते. पेलेटच्या वाटीत मात्र पंख्याच्या हवेमुळे ज्वलन बरेचसे पूर्ण होते आणि धूर विरळ राहतो. तापमान जितके जास्त ठेवावे तितका धूर आणखी कमी होतो, त्यामुळे १०७ अंशांवर, म्हणजे अमेरिकी पाककृतींतील प्रसिद्ध २२५ अंश फॅरनहाइटवर, ठेवलेल्या मांसाला जी चव येते ती १८० अंशांवर भाजलेल्या कोंबडीला येत नाही. ज्यांना टेक्सासमधील लॉकहार्ट गावच्या जुन्या बार्बेक्यू दुकानांतील ओकच्या ओंडक्यांचा वास हवा आहे त्यांना हा धूर मिळमिळीत वाटतो. ज्यांच्या घरातील मुले व वडीलधारी माणसे उग्र धुराने नाक मुरडतात त्यांना तोच सुखाचा वाटतो. मांस कापल्यावर कडेला दिसणाऱ्या गुलाबी पट्ट्याला चवीची खूण समजण्यात मात्र अर्थ नाही. धुरातील नायट्रिक ऑक्साइड मांसातील मायोग्लोबिन या रंगद्रव्याशी संयोग पावल्याने तो उमटतो, आणि पेलेट स्मोकरमध्येही तो चांगला उमटतो.

कांड्या निवडतानाही थोडी सावधगिरी हवी. पिशवीवर हिकरी किंवा चेरी असे नाव असले तरी आत बऱ्याचदा ओक किंवा आल्डर या लाकडांचा भुसा मुख्य असतो आणि नावाचे लाकूड थोडेच असते. शंभर टक्के एकाच लाकडाच्या कांड्या हव्या असल्यास तसा स्पष्ट उल्लेख पाहावा. घर तापवण्यासाठी विकल्या जाणाऱ्या कांड्या स्वयंपाकासाठी वापरू नयेत, कारण त्यांत कोणते लाकूड गेले आहे याची खात्री नसते. भारतात शेतातील टाकाऊ मालापासून बनणाऱ्या, बॉयलरसाठीच्या पेलेटनाही हाच नियम लागू होतो. पाणी हा या इंधनाचा शत्रू आहे : ओलावा लागताच कांडी फुगून तिचा भुसा होतो, आणि तो मळसूत्राच्या नळीत अडकून घट्ट झाला की यंत्र खोलण्यावाचून गत्यंतर नसते. वाटीतील राख वेळोवेळी काढणे आणि चरबीची पन्हळ स्वच्छ ठेवणे ही कामे कंटाळवाणी असली तरी टाळल्यास पेटीत आग लागू शकते. वीज गेली की सारेच थांबते.

सिरॅमिक ग्रिलमध्ये याच्या उलट, इंधन सुरुवातीलाच भरलेले असते आणि हवा मोजली जाते. त्याचे मूळ जपानमध्ये भात शिजवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या मातीच्या चुलीत आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये राहिलेल्या अमेरिकी सैनिकांनी अशा चुली मायदेशी नेल्या, आणि १९७४ मध्ये एड फिशर यांनी अटलांटा येथे बिग ग्रीन एग ही कंपनी सुरू केली. सुरुवातीच्या मातीच्या चुली उष्णतेने तडकत, म्हणून पुढे अधिक टिकाऊ सिरॅमिक आले. हे साधन दिसते रांजणासारखे : तळाशी हवेचे दार, मध्ये कोळसा, वर जाळी आणि घुमटाकार झाकणाच्या शेंड्याला धूर सोडणारे छिद्र. खालचे दार आणि वरचे छिद्र बोटभर उघडले तर निखारे जेमतेम तग धरतात आणि एका भरण कोळशावर बारा तासांहून अधिक काळ मंद आच मिळते. दोन्ही सताड उघडली तर तापमान ३५० अंशांच्याही पुढे जाते. हवेचा प्रवाह इतका थोडा असतो की आतील ओलावा फारसा बाहेर जात नाही, आणि मांस कोरडे पडत नाही. कोळशात खोचलेले हिकरीचे किंवा ओकचे ठोकळे मंद धुमसत राहतात, म्हणून चव पेलेटपेक्षा गडद येते.

जाड भिंत ही या भट्टीची ताकद आहे आणि अडचणही. एकदा तापलेली भिंत लवकर निवत नाही. ११० अंशांवर थांबायचे असताना बेसावधपणे १८० गाठले तर खाली यायला तासाहून अधिक वेळ लागतो. म्हणून अनुभवी माणूस हवे ते तापमान येण्याच्या बऱ्याच आधी दार आवळू लागतो. हवा कोंडलेल्या, तापलेल्या भट्टीचे झाकण एकदम उघडल्यास आत शिरलेल्या ऑक्सिजनने ज्वाळेचा लोट बाहेर येतो आणि हात, भुवया भाजतात. झाकण आधी दोन बोटे उचलून क्षणभर थांबणे हाच उपाय. कोळसा लाकूड थेट जाळून केलेला, मोठ्या तुकड्यांचा असावा, कारण साच्यातील ब्रिकेटची जास्त राख हवेची छिद्रे बुजवते. साधारण ४६ सेंटिमीटर व्यासाच्या भट्टीचे वजन सत्तर किलोच्या घरात असते, आणि ती पडली तर फुटते.

अमेरिकेतील मराठी कुटुंबांच्या दृष्टीने येथे एक गोष्ट निर्णायक ठरू शकते. त्यांच्या अंगणातील पंगतीत ब्रिस्केट क्वचित असते. कोंबडीचे तंदुरी तुकडे, पनीर, मक्याची कणसे आणि भरितासाठी वांगी हेच प्रामुख्याने असते, आणि या सर्वांना थेट धग लागते. पेलेट स्मोकरची कमाल मर्यादा बहुधा २६० अंशांच्या आसपास असून त्यातही ज्वाळा झाकलेली असते, त्यामुळे वांग्याची साल त्यात नीट करपत नाही. सिरॅमिकची तापलेली भिंत मात्र तंदूरच्या भिंतीप्रमाणेच चहूबाजूंनी उष्णता फेकते. अशा घराने पेलेट स्मोकर घेणे ही बहुतेक वेळा चूकच म्हणावी लागेल. याउलट ज्याला शनिवारी रात्री डुकराचा खांदा चढवून झोपायचे आहे आणि रविवारी दुपारी पाहुण्यांना वाढायचे आहे, त्याने यंत्राला कमी लेखू नये.

दोन्ही साधनांतून कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो, म्हणून ती गॅरेजमध्ये किंवा बंद व्हरांड्यात कधीही पेटवू नयेत. अनेक अमेरिकी शहरांत सदनिकांच्या लाकडी गच्चीवर कोळसा पेटवण्यास मनाईही आहे. मांसाच्या आत खुपसायचा तापमापक वेगळा घ्यावाच, कारण झाकणावरचा काटा घुमटातील हवेचे तापमान दाखवतो आणि कोंबडी आतून ७४ अंशांना पोचली की नाही हे त्यावरून कळत नाही.

एवढे पैसे गुंतवण्यापूर्वी हा छंद टिकेल की नाही याची शंका असल्यास, जॉर्ज स्टीफन यांनी १९५२ मध्ये शिकागोजवळ तयार केलेल्या आणि अजूनही स्वस्तात मिळणाऱ्या अर्धगोल केटल ग्रिलपासून सुरुवात करणे शहाणपणाचे ठरते. त्याच्या कडेने ब्रिकेटची कमानीसारखी रांग लावून एका टोकाला पेटवली की आग रांगेतून सरकत जाते आणि कित्येक तास मंद आच मिळते. तासाभराने एकदा डोकावून छिद्रे कमी-जास्त करावी लागतात, इतकेच.